यंत्राला ऊन लागू नये म्हणून

चौदा मे रोजी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी दगडाबाई जालना रोडच्या कडेला, कडुनिंबाच्या रोपासाठी खड्डा खणता खणता उन्हानं मेल्या.

असं काही झालेलं नाही. त्या दिवशी शहराचं कमाल तापमान अडतीस पूर्णांक दोन होतं, आणि अडतीस पूर्णांक दोनला मराठवाड्यात माणूस मरत नाही, स्वेटर शोधतो. आकडा मी स्वतः भरलेला आहे. तेव्हा दगडाबाई हयात आहेत असं धरून पुढं वाचावं. कार्यालयही तसंच धरून चाललंय.

मी सार्थक. उष्मा कक्षात कंत्राटी डेटा एंट्री ऑपरेटर. उष्मा कक्ष म्हणजे मुकुंदवाडीच्या बाजूला आमच्या कार्यालयाच्या तळमजल्यावरची एक खोली, जिथं उन्हाशी लढायचं काम चालतं. लढाई एकवीस अंशांवर लावलेल्या एसीत होते. एसीचा बाहेरचा डबा आतली सगळी गरमी रस्त्यावर फेकतो, म्हणून त्याच्यासमोर चहाची टपरी टाकलेल्या माणसानं गेल्या वर्षी जागा बदलली. आमच्या अहवालात तो 'हवामान बदलामुळे स्थलांतरित' या रकान्यात आहे. त्या रकान्यात तो एकटाच आहे.

कक्षाकडं एक आराखडा आहे. चौऱ्याऐंशी पानं, गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर माठातलं पाणी पिणारं हसरं मूल. त्यातलं कामाचं वाक्य एकच, पान एकसष्टवर: कार्यालयाच्या आवारातल्या यंत्रावर त्रेचाळीस अंश नोंदले गेले की लाल इशारा काढायचा, आणि लाल इशारा निघाला की दुपारी बारा ते चार उघड्यावरची सगळी कामं बंद. खडी, डांबर, खोदकाम, सगळं. उरलेली त्र्याऐंशी पानं या वाक्याला वारा घालायला ठेवलीत.

यंत्र म्हणजे पुरुषभर उंचीचा खांब. त्याच्यावर पांढऱ्या उपड्या बशांची चवड, आणि त्या चवडीच्या आत तापमान मोजणारा काटकुळा दांडा. राखणीला बन्सीमामा, आमचे चौकीदार. मूळचे पाचोडचे. बोलणं कमी, काम चोख, आणि सरकारी कागदावर देवाइतका विश्वास.

गेल्या मे महिन्यात जुनं यंत्र बंद पडलं. दुरुस्तीवाल्यानं लिहिलं, 'अति उष्णतेमुळे बिघाड.' उष्णता मोजायचं यंत्र उष्णतेनं बिघडलं यावर कोणी हसलं नाही. चौकशी बसली, आणि बन्सीमामांना मेमो मिळाला: 'शासकीय यंत्राचे उन्हापासून संरक्षण करण्यात कसूर.' मामांनी तो मेमो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जपून ठेवला. बावीस वर्षांच्या नोकरीतला पहिला.

यंदा मार्चमधे नवं यंत्र बसलं तेव्हा मामा आठवडाभर झोपले नाहीत. शेवटी दगडाबाई, म्हणजे त्यांची बायको, आमची मामी, वैतागल्या. "अवो, माठाला करतो तसं करा की. वलं फडकं गुंडाळा अन् सुखानं भाकर खा."

मामींनी गोणपाट आणि जुनं लुगडं मिळून बशांच्या चवडीला बेतून एक टोपडं शिवलं. नाड्यांसकट. तान्ह्या पोराला शोभेल असं. आमच्या शहरात नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं, तेही आलं तर. मामी घरच्या ड्रममधून कॅन भरून आणायच्या. सकाळी आठला कामावर जाता जाता त्या टोपडं भिजवायच्या, बाराला मामा, तीनला परत मामा. ज्या शहरात माणसं आंघोळ पुढं ढकलतात, तिथं एक खांब दिवसातून तीनदा न्हात होता.

मी हे रोज बघायचो. एकदा म्हणालोही, "मामा, मशीनला ताप आलाय काय? पट्ट्या ठेवताय ते."

"तुमच्या मशीनला जपावं लागतंय भाऊ," मामा म्हणाले. "मान्सासारखं नाय ते. एक डाव गेलं की गेलं."

मला ते इतकं आवडलं की मी मित्रांना सांगितलं. टोपडं माझ्या खिडकीतून दिसायचं. अडतीसचा आकडा माझ्या स्क्रीनवर दिसायचा. दोन्हींच्या मधे दहा पावलं. मी बी.एस्सी. आहे. फिजिक्स.

एप्रिल संपता संपता आजूबाजूचे जिल्हे बेचाळीस-त्रेचाळीसला गेले आणि आमचं शहर अडतीसवर शांत बसून राहिलं. आमचे कक्षप्रमुख तुपे साहेब यांनी आलेखावर बोट ठेवलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा भाव आला जसा नवस फेडायला निघालेल्या माणसाच्या चेहऱ्यावर येतो.

"हरित पट्टा," ते म्हणाले.

हरित पट्टा म्हणजे जालना रोडच्या कडेनं शेंद्र्याच्या दिशेनं लावलेली नऊशे रोपं. उंची दीड फूट. त्यातली निम्मी वाळली होती, पण काठीला बांधलेली असल्यामुळं उभी होती, आणि मोजणीत उभं ते जिवंत असा नियम आहे. या दीड फुटी रोपांनी दीड महिन्यात शहर पाच अंशांनी थंड केलं, असं सादरीकरण मी तुपे साहेबांच्या सांगण्यावरून तयार केलं. एकतीस स्लाइड. शेवटच्या स्लाइडवर पृथ्वी हिरवी होऊन हसते. अहवाल वर गेला. वरून शाबासकी आली आणि शाबासकीसोबत हुकूम आला: आणखी नऊशे खड्डे, मे अखेर.

खड्डे खणायला मामी होत्या. तेरा बायांची टोळी, मुकादम पुंजाराम.

मामी रोज सकाळी टोपडं भिजवून झालं की खिडकीशी यायच्या. "सार्थक, आज तरी तुहा लाल कागद निघंल का?"

मी स्क्रीन बघायचो. "नाय मामी. अजून पाच कमी आहेत."

"पाच काय?"

"अंश."

"अंगाला तर लई वाटतंय रं."

"अंगाचं धरत नाहीत मामी. यंत्राचं धरतात."

"मंग यंत्राला म्हनाव, ये एक दिस खड्डा खनायला." आणि रिकामा कॅन हलवत निघायच्या. यंत्राला पाणी घालून उरलेला तांब्याभर त्यांच्या बाटलीत असायचा. तेवढ्यावर संध्याकाळ.

बारा मेला टोळीतल्या द्वारकाबाई लेकाचा मोबाईल घेऊन आल्या. मोबाईलवर चव्वेचाळीस होतं. "हे बघ, हितं चव्वेचाळीस म्हनतंय."

मी तो आकडा तुपे साहेबांना दाखवला. साहेब म्हणाले, "मोबाईलला शहराबद्दल आकस असतो. आपलं यंत्र अधिकृत."

मी द्वारकाबाईंना दुचाकीवरून जालना रोडला सोडलं. त्यांनी मग तो पुंजारामाला दाखवला. पुंजाराम स्वतः डोक्याला ओला टॉवेल बांधून एका पाटीच्या सावलीत बसला होता. पाटीवर लिहिलं होतं 'सावली पेरू या'. तो म्हणाला, "बायांनो, मी काय तुमचा दुश्मन हाय का? कागद आला की घरी जा. कागद नाय तर खड्डा. माह्या हातात काय हाय?" त्याच्या हातात ताक होतं.

तेरा बायांनी परत कुदळी घेतल्या. मी दुचाकीवर बसून कक्षात आलो आणि एकवीस अंशांत बसून त्या दिवसाचा आकडा भरला. सदतीस पूर्णांक नऊ.

चौदा तारखेला कहकशा आली. यंत्रांची तपासणी करायला वर्षातून एकदा येणारी तंत्रज्ञ. माझ्याच वयाची, पाठीवर बॅग, डोक्याला ओढणी घट्ट गुंडाळलेली, बॅगेत स्वतःचा थर्मामीटर. सव्वाला ती आवारात शिरली आणि खांबापाशी थांबली.

"ये क्या है?"

"टोपडं," मी म्हणालो.

"मशीन को?"

"हौ. ऊन लागू नये म्हणून."

तिनं माझ्याकडं पाहिलं. हसेल असं वाटलं. हसली नाही. तिनं ओल्या गोणपाटावर हात ठेवला, मग स्वतःचा थर्मामीटर बाजूच्या सावलीत टांगला. पाच मिनिटांनी काढून माझ्यासमोर धरला. त्रेचाळीस पूर्णांक आठ.

"कोरड्या हवेत पाणी उडून जातं," ती म्हणाली, "आणि जाताना गरमी घेऊन जातं. माठ असाच गार होतो. माणूस घाम गाळून असाच गार होतो. दोन महिने तुम्ही लोक माठाच्या आतलं तापमान कळवताय."

"म्हणजे हे शहराचं नाही?"

"शहर माठात राहत असेल तर शहराचंच."

बन्सीमामा कॅन घेऊन शेजारी उभे होते. बाराचं भिजवणं त्यांचं झालं होतं, कहकशाला बघून दुसऱ्यांदा आले होते, पाहुण्यांसमोर यंत्र नीट दिसावं म्हणून. "बाई, काय चुकलं का? मशीन बिघाडली का?"

"नाही चाचा. मशीन एकदम ठीक आहे," कहकशा म्हणाली. "मशीनला पाणी मिळतंय, तिला काय होणार आहे." आणि तिनं नाड्या सोडल्या.

मी आत पळालो. स्क्रीनवर आकडा हलायला लागला. दीड वाजता अडतीस पूर्णांक दोन. एक चाळीसला एक्केचाळीस. एक पंचावन्नला साडेबेचाळीस. खिडकीतून मामा दिसत होते, हातात ओलं टोपडं, त्याचं पाणी त्यांच्या चपलांवर ठिबकत होतं आणि ठिबकल्या ठिकाणी वाळत होतं. कहकशा त्यांना हातवारे करून काहीतरी समजावत होती. मधेच मामांनी मान वर केली, जालना रोडच्या दिशेला बघितलं, आणि मला कळलं की त्यांना कळलंय.

दोन वाजून तीन मिनिटांनी त्रेचाळीस पूर्णांक दोन. लाल इशाऱ्याचा मसुदा फेब्रुवारीपासून तयार होता, फक्त तारीख आणि सही बाकी. मी छापील कागद घेऊन साहेबांच्या केबिनमधे गेलो.

साहेबांनी कागद वाचला. मग माझ्यामागून आलेल्या कहकशाचं म्हणणं ऐकून घेतलं, अगदी सगळं, मधे एकदाही न अडवता. मग म्हणाले, "म्हणजे दीड वाजेपर्यंत यंत्र नेहमीच्या स्थितीत होतं."

"नेहमीच्या म्हणजे चुकीच्या," कहकशा म्हणाली.

"दोन महिने ज्या स्थितीत आहे ती नेहमीची. दीड वाजता तुम्ही आवरण काढलंत. परवानगी नव्हती. त्यानंतर अर्ध्या तासात आकडा पाच अंशांनी चढला. हवामान असं चढतं का? मॅडम, ही छेडछाड आहे. दीडनंतरच्या नोंदी बाद."

"सर, बाहेर या. दोन मिनिट उभे राहा फक्त."

"मी बाहेर उभं राहून शहर चालत नाही."

"साहेब," मी म्हणालो, "तेरा बाया खड्डे खणतायत आत्ता. सही करा. नोंदी उद्या बाद करा, पण सही आत्ता करा." दोन महिन्यांत मी विनोद न करता बोललेलं ते पहिलं वाक्य.

"सार्थक, आज लाल इशारा काढला तर उद्या कोणीतरी विचारेल काल का नाही काढला. परवा का नाही. मग हरित पट्ट्याचं काय? वर काय सांगू, शहर टोपड्यानं गार झालं?"

"हो. तेच झालंय."

"ते झालेलं नाही," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. त्यांना ओरडताना मी कधीच पाहिलेलं नाही, एसीत माणसाला ओरडावं लागत नाही.

बाहेर मामांचा फोन वाजला. दोन वाजून चौदा मिनिटं झाली होती. द्वारकाबाई होत्या.

मामी खड्ड्याच्या काठावर बसल्या, म्हणाल्या घाम यायचा थांबला बघ, बरं झालं. आणि आडव्या झाल्या. अंग इतकं तापलं होतं की द्वारकाबाईंनी हात लावला आणि काढून घेतला. बायांकडं मिळून अर्धी बाटली पाणी होतं, ते सगळं त्यांच्या डोक्यावर ओतलं. पुंजाराम टॉवेल सोडून धावला, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. रिक्षा दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलेलं होतं.

म्हणजे संपलेलं नव्हतं. अडतीस पूर्णांक दोन.

दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता आणि दमलेला होता. मला बाजूला घेऊन म्हणाला, "उष्माघातच आहे, मला दिसतंय. पण कागदावर तो शब्द लिहायचा तर त्या दिवसाच्या तापमानाचा दाखला जोडावा लागतो. अधिकृत कार्यालयाचा. तो आणा, मी लिहितो."

अधिकृत कार्यालय म्हणजे आम्ही. दाखला काढणारा मी. दुसऱ्या दिवशी मी बटण दाबलं आणि प्रिंटरमधून कागद आला. दीडनंतरच्या नोंदी त्यातून गेल्या होत्या, साहेबांनी सकाळीच वरून कळ फिरवली होती. डॉक्टरनं दाखला वाचला, माझ्याकडं बघितलं, आणि मृत्यूच्या कारणात लिहिलं, 'हृदयक्रिया बंद पडल्यामुळे.' ती सगळ्यांचीच बंद पडते. ज्यांची बंद पडत नाही ते मेलेले नसतात.

तिसरा दिवस करून बन्सीमामा कार्यालयात आले. डोकं भादरलेलं, हातात दोन पिशव्या. एकीत टोपडं, दुसरीत तो जुना मेमो. सरळ साहेबांच्या केबिनमधे गेले. मी मागं गेलो.

"साहेब, फडकं मी बांधलं. मशीन गार केली मी. म्हनून कागद निघाला नाय, म्हनून दगडा गेली. लिवून घ्या."

साहेब उठून उभे राहिले. खुर्ची दिली, पाणी दिलं. "बन्सी, तू काही केलेलं नाहीस."

"केलंय मी."

"दुःखात माणूस असं बोलतो."

"साहेब, माझं डोकं ठिकाणावर हाय. मागल्या सालाला मशीन तापली तर मला मेमो दिला तुमी. यंदा बायको तापली. मेमो द्या. कसूर झाली म्हना. निलंबित करा, जेलात टाका. पन लिवा."

"लिहिता येत नाही रे," साहेब म्हणाले, आणि मला वाटतं त्यांना खरंच वाईट वाटत होतं, आणि म्हणूनच मला टेबलावरचा पेपरवेट उचलावासा वाटला. "तुझी चूक लिहिली तर दोन महिन्यांचे आकडे खोटे ठरतात. आकडे खोटे तर अहवाल खोटा. तो आता माझ्याही वर, फार वर गेलाय. तुला शिक्षा करायची तर निदान पाच जणांच्या सह्या परत घ्याव्या लागतील."

मामा बसून राहिले. बावीस वर्षं कागद सांगेल ते त्यांनी केलं होतं. आता त्यांना एक कागद हवा होता, स्वतःच्या विरुद्ध, आणि तोही कोणी देत नव्हतं.

पुढच्या सोमवारी कागद आला. प्रशस्तिपत्रक. 'शासकीय यंत्राची उन्हापासून अनुकरणीय काळजी घेतल्याबद्दल.' सोबत कार्यालयीन आदेश: यंत्रावरील आवरणास 'शीतकरण आच्छादन' असे संबोधण्यात यावे, ते दिवसातून तीन वेळा भिजवण्यात यावे, आणि त्याकरिता आठवड्यास एक टँकर मंजूर करण्यात येत आहे. खांबाला टँकर. टँकर आला तो जालना रोडवरून, खड्डे खणणाऱ्या बारा बायांच्या शेजारून, पाणी सांडत. द्वारकाबाई म्हणाल्या, दोघीजणी कळशी घेऊन मागं पळाल्या, पण ड्रायव्हर थांबला नाही. त्याच्याकडं थांबायचा आदेश नव्हता.

कहकशानं तीन पानी तक्रार पाठवली. तिच्यावर छेडछाडीची चौकशी बसली आहे. तिनं फोनवर मला एकच विचारलं, "तू लिहिलंस का काही?" मी म्हणालो, मी कंत्राटी आहे. ती म्हणाली, "हौ, ऊनपण कंत्राटीच समझके छोड देता क्या तेरेको," आणि फोन ठेवला.

त्याच दुपारी मामा माझ्या खिडकीशी आले, जिथं मामी यायच्या. अंगावर गणवेश, टोपडं खांद्यावर टाकलेलं, कोरडं. त्या दिवसापासून त्यांनी ते बांधलेलं नाही. साहेबांनी दुसरं शिवून घेतलंय आणि भिजवायला दुसरा माणूस नेमलाय.

"सार्थक, अर्ज लिवायचाय."

"कशाचा मामा? चुकीच्या नोंदीचा?"

"नाय. त्येंचं सगळं खरं धर." ते खिडकीच्या गजाला धरून उभे होते. गज तापलेला होता, हात काढला नाही. "अडतीसला मानूस मरत नाय म्हनतात ना? मंग माझी बायको कुठं ठिवलीय त्येनी? परत द्या म्हनाव. तसं लिव. तुमच्या हाफिसच्या भाषेत लिव, नायतर ते वाचायचे नाहीत."

मी एसी बंद केला. लिहिलं. मामांनी दोनदा वाचून घेतलं, सही केली, आणि आवक खिडकीत देऊन पोच घेतली. पोच त्यांनी मेमोच्या पिशवीत ठेवली. अर्ज असा:

प्रति, मा. कक्षप्रमुख, उष्मा कक्ष.

विषय: श्रीमती दगडाबाई बन्सी यांना कामावर पूर्ववत हजर करून घेणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयी सविनय सादर करण्यात येते की, दि. १४ मे रोजी शहराचे कमाल तापमान ३८.२ अंश असल्याचे आपल्या कार्यालयाने प्रमाणित केलेले आहे. सदर तापमानात उघड्यावर काम करणे सुरक्षित असल्याचे आपल्या आराखड्याच्या पृष्ठ ६१ वरून स्पष्ट होते. अर्जदारास आपल्या नोंदींबाबत कोणतीही शंका नाही. सबब, श्रीमती दगडाबाई या कार्यालयीन नोंदीनुसार मरण पावण्यास पात्र ठरत नसल्याने, त्यांना दि. १५ मे पासून हयात व हजर समजण्यात येऊन अर्जदाराच्या ताब्यात देण्यात यावे, तसेच यंत्रास मंजूर असलेल्या पाण्यातून त्यांना रोज एक तांब्या देऊन दुपारी बारा ते चार या वेळेत यंत्राशेजारी बसण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.